डेअरीच्या ओट्यावरची टोळी

आमच्या गावात आता दुधाची डेअरी नाही, पण जीपवाल्याला कुठं उतरायचं ते सांगायचं झालं तर अजूनही ‘डेअरीपशी सोड’ असंच सांगावं लागतं. केजहून नेकनूरकडं जाताना आमचा फाटा लागतो आणि फाट्यावरून गावात शिरताना पहिली इमारत तीच. इमारत कसली, लांबोडकी दगडी खोली, वर पत्रे, पुढं सिमेंटचा ओटा. भिंतीवर गाईचं चित्र काढलेलं होतं. तिचं तोंड आणि पुढचे पाय पावसापाण्यानं नव्हे, उन्हानंच पुसून गेलेत; पोट तेवढं राहिलंय. मध्यंतरी मी दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, भोसरीला माझ्याकडं घेऊन यायचं म्हणून गावी गेले तेव्हा तिथं उतरले. आई गेल्यापासून दादा एकटेच असतात.

जीप गेली, धुरळा खाली बसला. दाराला कुलूप नव्हतं म्हणून मी आत डोकावले. कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. खोलीत दूध येऊन किती पावसाळे गेले असतील, तरी मला तो वास आला. आंबूस, गार, ओल्या पत्र्यात मिसळलेला. तो भिंतीत मुरलेला होता की माझ्याच नाकात, कोण जाणे. मी पेंढीवर टेकले आणि घरी जायचं सोडून बराच वेळ तिथंच बसले.

दुधाच्या दिवसांत आमची सकाळ क्यानच्या आवाजानं व्हायची. कौसामाय सोड्याच्या पाण्यानं क्यान धुऊन ओट्यावर पालथे घालायची, आणि एकेक क्यान टेकला की देवळातल्या घंटेसारखा घुमायचा. कौसामायला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. डेअरीची झाडलोट तिच्याकडं होती. महादूअप्पा डेअरीचे सेक्रेटरी. त्यांचं गावात किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी. दूध मापून झालं की मापाच्या कडेला जो फेस राहायचा तो अप्पा बोटानं काढून रांगेतल्या लेकरांच्या तळहातावर ठेवायचे. फेसाला काही चव नसते. तरी आम्ही हात चाटत घरी जायचो.

मग पाऊस गेला. एका साली थोडा आला, पुढल्या साली ढग आले आणि नुसते हिंडून गेले. विहिरीतली कासवं उघडी पडली. जनावरं चाऱ्याच्या छावणीला गेली. आमची बैलजोडी आबा स्वतः चालत छावणीपर्यंत पोचवायला गेलते. आबा म्हणजे माझे आजोबा. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नुसता कासरा होता, आणि घरी येईपर्यंत तो त्यांनी बैल मागं असल्यासारखा धरलेला होता. जनावरांबरोबर दूध गेलं. दूध संघाची गाडी आधी एक दिवसाआड आली, मग यायचीच राहिली. अप्पा मात्र रोज सकाळी दुधाच्या वेळेला येऊन ओट्यावर बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, बसलोय आपला.

दिवाळी झाली की आमच्याकडं ऊसतोडीचे ट्रक यायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, बरेच कोयते मिळून टोळी, आणि टोळीवर मुकादम. कारखान्यांच्या मुलखात जायचं, उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची, पाडव्याला परत यायचं. त्या साली जी घरं कधी गेली नव्हती तीही गेली. माझे दादा आणि आई त्यातलेच. मागं राहिली ती बहुतेक हातात कोयता धरता न येणारी माणसं, एक तर फार म्हातारी नाही तर फार लहान. आमच्या घरात आबा, चौथीतली मी आणि अजून शाळेत न जाणारी माझी धाकटी बहीण सखू.

ट्रक गेल्यावर गावाचा आवाजच बदलला. गडीमाणसांच्या हाका नाहीत, जात्यावर कुणी बसलेलं नाही, पोरींना मोठ्यानं बोलावणाऱ्या आया नाहीत. खोकले होते आणि लेकरांचं रडणं होतं. संध्याकाळी प्रत्येक घरातून बारीकसा धूर निघायचा, जणू सगळ्या चुलींनी एकमेकींना विचारून आपापला जाळ कमी केलाय. सखू जेवायची नाही. आबा तिच्यापुढं भाकर धरून बसायचे आणि तिनं घास घेतला नाही की स्वतःही घ्यायचे नाहीत.

टँकर विहिरीत पाणी सोडायचा. गावात जी थोडी धडधाकट माणसं उरली होती त्यांच्या पोहऱ्यांची तिथं झुंबड उडायची. म्हाताऱ्यांना रेटा सोसत नव्हता आणि आमच्या हातांना भरलेला पोहरा ओढवत नव्हता. आम्ही दोन्हीकडची माणसं कडेला उभी राहायचो आणि सगळे गेल्यावर तळातला गाळ घेऊन यायचो. कौसामायनं हे आठवडाभर बघितलं असेल. मग एक दिवस ती अप्पांकडं गेली आणि तिनं डेअरीची किल्ली मागितली. अप्पा म्हणाले की क्यान संघाचे आहेत, त्यात पाणी भरता येत नाही. कौसामाय भांडली नाही.

“अप्पा,” ती म्हणाली, “दूध येईल तवा दूध घालू. आता लेकरायला पाणी घालू.”

अप्पांनी किल्ली दिली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही येऊन रांगेत उभे राहिले.

विहिरीपासून डेअरीपर्यंत आमची रांग लागायची. एक म्हातारं, एक लेकरू, मग पुन्हा एक म्हातारं. कौसामायनं टँकरवाल्याला गाठून सांगितलं होतं, पहिलं पाणी ह्या रांगेचं. त्यानं ऐकलं, त्याचीही म्हातारी आई कुठंतरी असेल. घागर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना क्षणभर दोघांच्याही हातात असायची, आणि त्या क्षणभरात मला समोरच्याचे हात दिसायचे. अप्पांचे मऊ, बोटांना हळदीचा वास. आबांचे खडबडीत, कासऱ्यानं तळव्यात घट्टे पडलेले. घागर डचमळून पाणी सांडलं तर कुणी कुणाला बोलत नसे. सांडलेल्या जागेवर सखू पाय ओले करून घ्यायची.

पाणी एकत्र आलं तशा चुलीही एकत्र आल्या. डेअरीच्या मागं कौसामायनं तीन दगड मांडले. कुणी जवारीचं पीठ आणायचं, कुणी हुलगे. दिवसाआड हुलग्याचं माडगं आणि एरवी भाकर आणि येसराच्या पिठाचं पातळ कालवण. पहिल्या दिवशी म्हातारी माणसं आपापल्या आळीप्रमाणं लांब लांब बसली. लेकरांना आळ्या कळत नव्हत्या; ज्याच्या ताटात जास्त कालवण दिसलं त्याच्या मांडीला टेकून आम्ही बसलो. दोन-चार दिवसांत म्हाताऱ्यांचंही अंतर आपोआप कमी झालं. लेकरू ज्या मांडीवरून उठून ज्या मांडीवर गेलं, त्या दोन मांड्यांना मग लांब बसता येईना.

ऊन चढलं की सगळे खोलीत यायचे. दगडी भिंतींमुळं आत गार असायचं. म्हाताऱ्या आमच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, आम्ही त्यांच्या सुयांत दोरा ओवून द्यायचो. त्यांना दिसत नव्हतं आणि आमचे केस विंचरायला कुणी नव्हतं. पत्रे उन्हानं कडकड वाजायचे. आम्ही एखाद्या रिकाम्या क्यानचं झाकण काढून आत तोंड घालून वास घ्यायचो, आणि मग म्हातारी माणसंही, कुणी बघत नाही असं पाहून, तसाच वास घ्यायची.

खेळ सखूनं काढला. एका दुपारी तिनं फडकं डोक्याला बांधलं, तुराटीची काडी कोयत्यासारखी खांद्यावर घेतली आणि आबांपुढं जाऊन उभी राहिली. आईनं निघताना जे म्हटलं होतं तेच, आईच्याच आवाजात, ती बोलली.

“मी उसाला चाललेय. भाकर दुरडीत झाकलीय. रडायचं न्हाई.”

आबांनी तिच्याकडं बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन लहान लेकरासारखा गळा काढला. सगळी खोली त्यांच्याकडं वळली. कौसामाय हातातलं सूप खाली ठेवून आली, सखूच्या परकराला धरून खाली बसली आणि म्हणाली, माय, मला बी ने की. मग बाकीच्यांना काय पाहिजे होतं.

त्या दिवसापासून टोळी-टोळीचा खेळ रोज व्हायला लागला. ओटा म्हणजे ट्रक. लेकरं ओट्यावर दाटीनं उभी राहायची, एक पोरगी काजळीनं मिशा काढून मुकादम व्हायची आणि शिट्टी मारायची. म्हातारी माणसं खाली उभी राहून रडायची, पदर ओढायची, ‘माय, लवकर ये’ म्हणायची. आम्ही त्यांना दम द्यायचो, समजूत घालायचो, गूळ आणू म्हणायचो. तोंडानं ट्रकचा आवाज काढत आम्ही निघायचो, तुराट्या तोडायचो, कपाळाचा घाम पुसायचो, कमरेवर हात ठेवून ‘आगं माय’ करायचो. मग पाडवा व्हायचा आणि ट्रक परत यायचा. म्हातारी माणसं धावत यायची, म्हणजे त्यांच्या परीनं धावत, आणि प्रत्येकानं आपल्या आईच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायचं, “माय, लई वाळलीस की गं.”

हे वाक्य आलं की खेळात कुणीतरी खरंच रडायचं. कधी एखादं लेकरू, बरेचदा म्हातारं माणूस. आधीचं रडणं खोटं असल्यामुळं मधूनच खरं केव्हा सुरू झालं हे कुणाला कळायचं नाही, आणि म्हणून कुणाला लाजही वाटायची नाही. अप्पांना तर मी फक्त त्या खेळातच रडताना पाहिलं. त्यांचा मुलगा पार सोलापूरकडं दुकान टाकून बसला होता आणि सणालाही येत नव्हता. खेळात अप्पांची आई मी होते. मी त्यांचे डोळे परकरानं पुसायची तेव्हा कपाळाचं भस्म माझ्या बोटांना लागायचं.

सखू जेवायला लागली. सगळीच लेकरं जेवायला लागली. थंडीचे ते दोन महिने, उपाशी आणि धुळीचे, माझ्या आठवणीत एखाद्या जत्रेसारखे आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

आबा मात्र खेळातून मागं यायला उशीर करायला लागले. आधी खेळ संपला की ते उठायचे, धोतर झटकायचे, पुन्हा आबा व्हायचे. मग एका संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, माय कवा येणार. मी म्हटलं, खेळ संपला आबा. ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि त्या वेळी हसले नाहीत. हळूहळू त्यांना बैलांची नावं आठवेनात, मग आपलं शेत कुठल्या बाजूला ते आठवेना. त्यांच्या आईची गाणी मात्र आठवत होती. मी कधी न ऐकलेली, कुणा लहानपणीच्या पाटलाच्या घोड्याची, आटलेल्या बारवेची. मी त्यांना भाकर कुस्करून द्यायची, तोंड धुवायची, आणि ते मान वर करून डोळे मिटून तोंड धुऊन घ्यायचे. मी घाबरून कौसामायला सांगितलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, “असू दे. त्यायला तिथं बरं वाटतंय. हितं काय ठिवलंय?”

पाडव्याच्या सुमारास खरा ट्रक आला. सगळं गाव डेअरीपाशी गोळा झालं. आम्ही लेकरं आईकडं पळालो आणि तिला धरूनच राहिलो. ‘वाळलीस की गं’ म्हणायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. आई खरंच वाळली होती. दादा पुढं होऊन आबांच्या पाया पडायला वाकले, तर आबा कौसामायच्या मागं लपले. आम्ही बहिणी ‘दादा, दादा’ करत त्यांना बिलगत होतो, ते आबा मागून बघत होते. मग तेही पुढं आले, दादांचा हात धरला आणि लाजत म्हणाले, “दादा, आलास?”

आम्ही आमच्या बापाला दादा म्हणायचो. आबाही त्यांच्या बापाला दादाच म्हणत असणार. माझे दादा तिथंच उकिडवे बसले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं; सांगणार तरी कोण, आणि कसं. ते आईकडं बघायला लागले, आई कौसामायकडं, आणि कौसामाय खाली मान घालून पदराचं टोक पिळत राहिली.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तीन लेकरं होती असंच म्हणायला पाहिजे. दादा घरात आले की तिघंही त्यांच्याकडं धावायचो. दादांना ते सोसत नसे. ते आबांना अहोजाहो करायचे, त्यांच्यापुढं बसून विचारायचे, आबा, मला वळखलं का, मी तुमचा पोरगा. आबा मान हलवायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे, दादा, गूळ आणलास का. अंबाजोगाईच्या डॉक्टरला दाखवून आणलं. त्यानं सांगितलं की वयाचं आहे, ह्याला औषध नसतं, फक्त सांभाळायचं. परत येताना एसटीत आबा खिडकीशी बसले आणि दिसेल त्या झाडाचं नाव सांगत आले.

मृग कोरडा गेला. संघाची गाडी आली, पण दूध न्यायला नव्हे. डेअरी बंद करायचं ठरलं होतं आणि त्यांना क्यान न्यायचे होते. ज्या क्यानांत आमचं पाणी होतं ते अप्पांनी स्वतःच्या हातानं रिकामे केले. ओतलेलं पाणी ओट्यावरून खाली उतरलं, धुळीत थोडं पुढं सरकलं आणि थांबलं. कौसामाय दारात उभी होती. अप्पा तिला म्हणाले, संघाचेच व्हते गं. तिनं मान हलवली. किल्ली अप्पांकडंच राहिली. ती मागायचं गाडीवाल्यांच्या ध्यानात आलं नाही. बंद डेअरीची किल्ली अप्पा मरेपर्यंत करगोट्याला बांधून हिंडले.

दसऱ्याला मुकादम आला. त्या साली लेकरांना बरोबर न्यायचं असं घराघरात ठरलं. गावात टँकर कमी झाले होते, क्यान नव्हते, कौसामायच्याही पायाला सूज होती. आई म्हणाली, तिथं निदान पाणी तरी हाय.  मग आबांचं काय, असं तिनंच विचारलं. दादा म्हणाले की मुकादम म्हाताऱ्याला ट्रकात घेणार नाही, आणि घेतलं तरी दिवसभर आपण फडात, त्यांच्याकडं कोण बघणार. “फडात हरवले तर कुठं हुडकायचं? सगळीकडं ऊसच ऊस,” ते म्हणाले. आई रडली. कौसामाय संध्याकाळी येऊन बसली आणि म्हणाली की आबांना ती सांभाळेल, तिला तरी दुसरं कोण आहे.

दिवाळीनंतर ट्रक डेअरीपाशी लागला. हंडे, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, पिठाच्या गोण्या चढल्या. मग लेकरांना एकेकाला उचलून वर दिलं जाऊ लागलं. म्हातारी माणसं खाली उभी होती, खेळात उभी राहायची त्याच जागी, पण कुणी रडत नव्हतं. त्यांना काय करावं ते कळत नसावं. सखूला वर दिलं, मला वर दिलं. आमच्या मागं आबा होते. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, बगलेत फडक्याचं गाठोडं होतं. ते ट्रकपाशी आले आणि इतर लेकरांसारखे दोन्ही हात वर करून उभे राहिले.

“दादा, मला बी ने,” ते म्हणाले.

दादांनी त्यांना बाजूला घेतलं. ते पुन्हा येऊन हात वर करून उभे राहिले. मुकादम घाई करत होता. दादांनी पुन्हा बाजूला घेतलं. तिसऱ्या वेळी आबांनी ट्रकाच्या फाळक्याला घट्ट धरलं आणि एक पाय वर टाकला.  दादांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, त्यांना काखेत धरून खाली उतरवलं आणि त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले.

“तू ल्हान हायेस अजून,” दादा म्हणाले. “तिकडं थंडी लई असती. पुढल्या साली नेतो तुला.”

जन्मात पहिल्यांदा दादांनी आपल्या बापाला तू म्हटलं होतं. आबांनी त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. “नक्की?” त्यांनी विचारलं. “नक्की,” दादा म्हणाले. आबांनी शहाण्या लेकरासारखी मान हलवली, गाठोडं बगलेत नीट धरलं आणि कौसामायच्या पदराला धरून उभे राहिले. दादा मागं न बघता पुढं केबिनमध्ये जाऊन बसले आणि ट्रक निघाला. मी मागच्या बाजूला गोण्यांवर होते. धुरळा उठेपर्यंत जेवढं दिसलं तेवढं मी बघितलं.

तिकडं खरंच पाणी होतं. फडाशेजारून पाट वाहत होता, कुणी न भरता, कुणी न मोजता, रात्रंदिवस. पहिल्या दिवशी आईनं आम्हाला पाटात बसवून न्हाऊ घातलं आणि सखू पाण्याला घाबरून ओरडली. इतकं पाणी तिनं कधी बघितलंच नव्हतं. पाचटाचा गोडसर, धुरकट वास कपड्यांत, केसांत, भाकरीत सगळीकडं असायचा. आम्ही लेकरं आमच्याहून लहान लेकरं सांभाळायचो, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायचो. तिथं टोळी-टोळी कुणी खेळलं नाही. खेळायला म्हातारं माणूस एकही नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यावर आमच्याच भागातल्या एका ट्रक ड्रायव्हरनं फडात येऊन निरोप दिला. आबा गेले. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलेलंही होतं, गावानं उरकलं होतं. दादांनी निरोप ऐकला, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं, पुन्हा बांधलं आणि दिवस मावळेपर्यंत ऊस तोडला. आई त्यांच्या मागं मोळ्या बांधत होती. तिला त्या दिवशी हुंदक्यानं मोळीची गाठ बसेना, तेव्हा दादांनी मागं येऊन तिच्या मोळ्या बांधून दिल्या.

पाडव्याला परत आलो तेव्हा कौसामायनं सांगितलं. आबांना त्रास काही झाला नाही. थंडी बाधली, दोन दिवस पडून होते. त्याच्या आधी मात्र रोज सकाळी धोतर नेसून, गाठोडं घेऊन डेअरीच्या ओट्यावर येऊन बसायचे. पुढली साल लागली का, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. उरलेल्या म्हाताऱ्यांनी एकदा त्यांच्यासाठी खेळ मांडून बघितला. पण सगळेच म्हातारे. आई कोण होणार, यावरच अडलं. “मग म्याच झाले त्यायची माय,” कौसामाय म्हणाली. “अप्पा ट्रकचा आवाज काढत व्हते. त्यायला काय येतंय आवाज? पर ऐकलं बिचाऱ्या आबांनी.” हे सांगताना ती जराशी हसली, आणि आई तिच्या गळ्यात पडली.

पुढं पाऊस आला, जनावरं आली. डेअरी आली नाही. दूध आता मोटारसायकलवाले घरोघर येऊन नेतात. कौसामाय गेली, अप्पा गेले. सखू लातूरकडं दिली, तिला स्वतःची लेकरं आहेत. टोळ्या अजून जातात.

मी डेअरीतून घरी गेले तेव्हा दादा दारातच होते. मी तीन दिवस राहिले. भोसरीला चला, नातवंडं आहेत, असं मी रोज म्हणत होते आणि ते रोज हं म्हणत होते. निघायच्या दिवशी ते माझी पिशवी घेऊन डेअरीपर्यंत आले. पिशवी एकच होती, माझी. त्यांची नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, पोरं दिवसभर शाळंत, तुमी दोघं कामावर, मी तिथं भिंतीकडं बघत बसू का. ते खरं होतं. जीप यायला वेळ होता. आम्ही ओट्यावर बसलो.

“तू मागं बसलीवतीस,” दादा एकदम म्हणाले.

कधी, ते मला विचारावं लागलं नाही.

“मी केबिनात व्हतो. आरसा व्हता, पर म्या बघितलं न्हाई.” ते काठीनं मातीत रेघ ओढत होते. “रडत व्हते का आबा?”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. काय सांगितलं तर त्यांना बरं वाटेल याचा मी विचार करून बघितला, आणि मला ते सुचेना. मग जे दिसलं होतं ते मी सांगितलं.

“न्हाई दादा. हसत व्हते. कौसामायचा पदर सोडून थोडं पुढं आले आणि हात हालवत राहिले. खुश व्हते.”

 दादांची काठी हलायची थांबली.

“म्हंजी माझं खरं वाटलं त्यायला,” ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. फाट्यावर जीप येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं तिथूनच हात वर करून खुणेनं विचारलं, किती जण. मी दादांकडं बघितलं. ते समोर बघत होते. मग मी ड्रायव्हरला एक बोट दाखवलं.